निजतानाचा घोट

रुपेशला दुसरी मुलगी झाली आणि जयंतीच्या दिवशी, चौदा एप्रिलला, अवसरी बुद्रुकच्या विहारात तिचं नाव अमृता ठेवलं, ते साल दोन हजार बावीस. त्याच महिन्यात रुपेशच्या जुन्या ट्रकला टर्बो बसला आणि पुढच्याच महिन्यात तो टर्बो जळाला, म्हणून रुपेशच्या बापाला, भागुजीला, हे साल कुणाला विचारावं लागत नाही. बाकीची सालं त्याच्या डोक्यात पोत्यांच्या थप्पीसारखी एकमेकांच्या अंगावर कलंडलेली आहेत. हे तेवढं वेगळं उभं आहे. मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी तो मंचरहून एसटीनं ओतूरला गेला. जागा मिळाली ती ड्रायव्हरच्या अगदी मागची. ओतूर येईपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. स्टँडात गाडी फलाटाला लागली, ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला, आणि इंजिन बंद व्हायच्या आत भागुजीचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर एकदा दाबला गेला. टाच टेकलेली, चवडा खाली, मग वर. त्यानंतर इंजिन बंद झालं. शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "बाबा, चप्पल निसटली का?" तो "हं" म्हणाला. चप्पल पायातच होती. पायाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

उतरून तो फलाटावरच्या बाकावर बसला आणि बसूनच राहिला. टर्बो बसवणाऱ्या धर्माजीचं दुकान तिथून पाच मिनिटांवर. काम एवढंच होतं की ट्रकचा जुना मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या सहा तोंडांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारी ती बिडाची नळकांडी, धर्माजीकडे पडून होती ती घेऊन यायची. रुपेशला आता टर्बो नको होता. गाडी होती तशी करायची होती. आणि त्याला धर्माजीचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून बापाला पाठवलं होतं. भागुजी आपल्या पायाकडे बघत राहिला. नखं जाड, पिवळी पडलेली. चवड्याखाली, अंगठ्याच्या मागं, एक घट्टा होता. पंचेचाळीस वर्षं पेडल दाबून दाबून पडलेला. त्याला वाटलं, हा पाय आपला आहे खरा, पण आपल्याला विचारून वागतो असं नाही. मग वाटलं, कधीपासून? आज उन्हानं झालं असेल. की रोजच होतं आणि आज फक्त दिसलं? आंधळ्याला आपण आंधळे आहोत हे कुणीतरी सांगावं लागतं म्हणतात. पण ज्याला दिसतं, त्याला न दिसलेलं काय काय राहिलं हे कोण सांगणार?

ट्रक चौऱ्याण्णव सालचा. सहा सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन, पंप आणि नोझलवर चालणारं. त्यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. भागुजीनं त्यावर वीट वाहिली, बटाटा वाहिला, कांदा वाहिला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की कोणतं नोझल थुंकतंय हे त्याला कळायचं. आता रुपेशनं गाडीवर पाण्याची टाकी चढवली होती. उन्हाळ्यात डिंभ्याच्या वर, आहुप्याच्या वाटेवरच्या वाड्यांना पाणी न्यायचं काम. भरलेली टाकी घेऊन घाट चढायचा म्हणजे पहिला गिअर, काळा धूर, आणि अर्ध्यात गाडी उभी करून रेडिएटर गार होण्याची वाट बघणं. वर विहिरीच्या काठावर बाया हंडे घेऊन सकाळपासून बसलेल्या. कुणी बोलत नसे, पण गाडी दिसली की सगळ्या एकदम उठत, आणि ते उठणं रुपेशला सहन होत नसे. म्हणून त्यानं टर्बोचं काढलं. धर्माजीनं भंगारात निघालेल्या नव्या मॉडेलच्या गाडीचा टर्बो मिळवला आणि तीन दिवस खपून तो बसवला.

धर्माजी ओतूरला इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करायचा. चाळीस वर्षांची ओळख. त्यानं समजावून सांगितलं होतं ते भागुजीच्या कानात अजून होतं. "सायलेन्सरातनं धूर फुकाट जातो का न्हाई? त्या धुराला वाटंत एक चाक आडवं घालायचं. धूर चाक फिरवतो. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक हाये, ते भायेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा लई झाली की डिझेल चांगलं जळतं, अन् गाडीला जोर येतो. आता ध्यान देऊन ऐक, भागू. ही दांडी मिनटाला लाखभर गरके घेती. तिला बेरिंग असं न्हाई, ती तेलावं तरंगती. तेल इंजिनातनं येतं, ह्या बारक्या नळीतनं. इंजिन बंद झालं की तेल थांबतं. पन दांडी थांबत न्हाई, ती फिरतच ऱ्हाती, कोरडी. म्हनून घाट चढून आलास की गाडी लगीच बंद करायची न्हाई. दोन मिनटं निवांत चालू ठेवायची. अन् बंद करताना रेस तर द्यायचीच न्हाई." रुपेशनं विचारलं, "नाना, ऐकलं ना?" भागुजी म्हणाला, "ऐकलं. भैरा झालो का मी?" तेलाची ती तांब्याची नळी बसवण्याआधी त्यानंच हातात धरली होती, फुंकून बघितली होती, तिच्या तोंडात करंगळीचं नख घालून बघितलं होतं. नीट होती. हे त्याला पक्कं आठवत होतं. जे आठवायला हवं होतं ते आठवत नव्हतं.

रेस द्यायची नाही. आणि जानकू म्हणायचा, द्यायची. जानकूनं त्याला गाडी शिकवली ती दगडाच्या खाणीवर, एकोणीसशे सत्त्याहत्तर साली. लांब मिशांचा, कमी बोलणारा माणूस. भागुजीचा बाप गावकीची कामं टाकून धम्मात आला तेव्हा गावातल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं, आणि जानकूनं मात्र बोलण्याऐवजी सरळ स्टेअरिंग हातात दिलं होतं. जानकू सांगायचा, "इंजिनाला निजवताना एक घोट पाजायचा, भागू. उपाशी निजवलं का सकाळी किरकिरतं." म्हणजे गाडी उभी केली की पायानं एक रेस द्यायची, इंजिन हुंकारलं की डाव्या हातानं स्टॉपची दोरी ओढायची. रेस आणि दोरी, दोन्ही एका दमात. मंचरच्या अड्ड्यावरचे सगळे जुने ड्रायव्हर असंच करायचे. संध्याकाळी ओळीनं गाड्या लागायच्या आणि ओळीनं एकेक हुंकार निघायचा, गोठ्यात जनावरं बसताना निघतो तसा. त्यानं खरंच सकाळी इंजिन लवकर लागायचं का? भागुजीनं कधी तपासलं नव्हतं. दिवसातून दहा वेळा म्हटलं तरी पंचेचाळीस वर्षांचे किती घोट झाले, ह्याचा हिशोब मांडायला तो बसला आणि मध्येच सोडून दिला. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात पन्नाशीला अक्षरं शिकला होता तो. आकडे त्याआधीपासून येत होते, पण ह्या गणिताला आकडे पुरत नव्हते.

टर्बो बसल्यावर पहिल्या घाटाला रुपेश चालवत होता आणि भागुजी शेजारी बसला होता. इंजिनाला शीळ फुटली. बारीक, लांब, वर वर जाणारी. डिंभ्याचं पाणी खाली राहिलं आणि गाडी दुसऱ्या गिअरवर वळणं चढत गेली, रेडिएटर उकळला नाही, धूर निघाला नाही. रुपेश हसत होता. भागुजीही हसला, पण त्याला आपण कुठं आहोत हे कळेना. ह्या घाटाचं प्रत्येक वळण तो डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ओळखायचा. इथं इंजिन कण्हतं, इथं दम सोडतं, ह्या करवंदीच्या जाळीपाशी गिअर मागतं. आता कण्हणं शिळेखाली बुडालं होतं. आपल्याच घरात कुणी पाहुण्याच्या आवाजात बोलावं तसं वाटलं. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं, तर कानात नुसती शीळ. घरी आल्यावर बायकोला, बनाबाईला म्हणाला, "गाडी गेली गं." ती भाकरी थापत म्हणाली, "दारात तर उभी हाये." तो म्हणाला, "उभी हाये, ते खरं."

मग रुपेशच्या सासरी लग्न निघालं आणि चार दिवस गाडी भागुजीकडे आली. ह्या चार दिवसांपाशी आलं की त्याचं डोकं चालेनासं व्हायचं. बाकावर बसून त्यानं पुन्हा एकदा ते दिवस एकेक करून समोर मांडले. घाट चढून गाडी विहिरीपाशी उभी केली. बाया उठल्या. मॅनिफोल्डचा उबारा गुडघ्याला लागत होता. दोन मिनिटं थांबायचं म्हणून त्यानं समोरच्या आंब्यावरची माकडं मोजली, अकरा होती. हे खरं. पण ही माकडं पहिल्या दिवसाची की चारही दिवसांची? पाईप सोडणारा माणूस ओरडला होता, "नाना, बंद करा की, ऐकू येईना." हे कोणत्या दिवशी? आणि त्यानंतर दोरी ओढली ते आठवतं, हाताला दोरीची मूठ लागली ते आठवतं, इंजिन निमूट झालं आणि एकदम पाण्याचा आवाज मोठा झाला ते आठवतं. पाय मात्र त्या चित्रात नव्हता. कंबरेच्या खाली चित्र संपत होतं. त्यानं पायाचा शोध घेतला तर दुसऱ्याच सालातला पाय यायचा, विटांच्या फेऱ्यांतला, टायरची चप्पल घातलेला, आणि तो दाबत असायचा. तो पाय ह्या विहिरीवरचा आहे असं कसं म्हणावं? आणि नाही असं तरी कसं?

पाचव्या दिवशी रुपेश परत आला, गाडी घेऊन गेला, आणि अर्ध्या घाटात शिळेची किंकाळी झाली. मग निळा धूर, मग काहीच जोर नाही. टाकी तिथंच रस्त्याच्या कडेला रिकामी करावी लागली. वरच्या वाडीला दोन दिवस पाणी नव्हतं. रुपेशनं संध्याकाळी सगळ्यांसमोर धर्माजीला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. तो काय बोलला ते भागुजीला परत आठवायचं नव्हतं. पलीकडून धर्माजीनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "मधी गाडी कोन चालवत व्हतं?" रुपेश म्हणाला, "चार दिवस नाना व्हते. त्यांचा काय संबंध?" मग धर्माजी म्हणाला, "माझंच चुकलं, बाळा. तेलाची नळी बारीक पडली." त्या रात्री भागुजीनं दोन भाकरी खाल्ल्या. एवढी भूक त्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. पडल्या पडल्या त्याला करंगळीचं नख आठवलं, आणि उठून त्यानं ते दिव्याखाली धरून बघितलं.

रुपेशनं टँकर भरायच्या जागेवर सगळ्यांना सांगितलं. तीन जण ओतूरला टर्बो बसवायला निघाले होते, ते थांबले.

शेवटी तो उठला. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, मागं घर. आत डिझेलचा वास, ट्रेमध्ये रॉकेलात बुडवलेली नोझलं. टँकरवाला सुभाष तिथं उभा होता. मंचरच्या त्याच अड्ड्यावरचा. त्याचा पंप टेबलावर होता, आणि सुभाष तो न उघडताच परत न्यायला आला होता.

"या पावणं," धर्माजी म्हणाला. "मॅनिफोल्ड काढून ठिवलाय. ल्योक न्हाई आला?"

"त्याला येळ न्हाई."

"असू दे. बस."

सुभाष पंप गोणपाटात गुंडाळत म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. मी आपला मंचरलाच दाखवतो. तुमचं आता वय झालं. त्या टर्बोच्या शिट्ट्या राहिल्या असतील तर लग्नाच्या बँडवाल्याला द्या, कामाला येत्याल."

धर्माजी हसला. खरंच हसला. "त्यालाबी दोन मिनटं थांबून मंग बंद करायला सांगावं लागंल," तो म्हणाला. आतून त्याची बायको साळुबाई चहाचे कप घेऊन आली होती, ती हसली नाही. तिनं सुभाषच्या पुढचा कप उचलून परत नेला.

भागुजी म्हणाला, "सुभाष, पंप खाली ठेव."

"का वो नाना?"

"टर्बो ह्येनी न्हाई घालवला. मी घालवला. घाट चढून गेलो अन् रेस देऊन बंद केली. जुन्या खोडीनं."

सुभाष दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. "दोस्तासाठी अंगावं घेताय व्हय?"

धर्माजीनं हातातली चिंधी टेबलावर ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता, आणि तो रागावलाय की काय हे भागुजीला समजेना. "भागू," तो म्हणाला, "दाबल्यालं आठवतंय का तुला?"

"न्हाई."

"मंग झालं तर."

"पाय दाबतो, धर्मा. आत्ता एसटीत दाबला. नुसत्या पत्र्यावं."

धर्माजीनं खण ओढला. कापडात गुंडाळलेली, करंगळीएवढी जाड दांडी बाहेर काढली आणि भागुजीच्या तळहातावर ठेवली. ती मधोमध निळी पडली होती. मोराच्या मानेवर असतो तसला निळा रंग. इतक्या लहान वस्तूचं एवढं वजन असेल असं वाटत नव्हतं. "निळी पडली म्हंजी तेल मिळालं न्हाई, येवढंच," धर्माजी म्हणाला. "नळी बारीक असली तरी आशीच व्हती. तू रेस दिली तरी आशीच व्हती. लोखांड नाव सांगत न्हाई."

"नळी बारीक व्हती का?"

"फोनवं सांगितलं की."

"मी नख घालून बघितलं व्हतं."

"तुझं नख काय मापाचं गेज हाये?" धर्माजी म्हणाला, आणि सुभाषला हसू फुटलं. धर्माजी हसला नाही. दांडी परत घेत, हळू आवाजात म्हणाला, "माझं काय, भागू. मी ह्या टेबलापुढं बसतो, कुनी ना कुनी काहीतरी आनून टाकील. तुला एकदा शिटावनं उतारलं तर परत कोन बसवील?"

हे उत्तर होतं का? भागुजीला वाटलं होतं की विचारलं की कळेल. आता त्याला तीन गोष्टी कळल्या होत्या आणि त्या एका जागी बसत नव्हत्या. धर्माजी खोटं बोलला असेल, मैत्रीपायी. किंवा खरं बोलला असेल, आणि आता त्याला मैत्रीचं नाव मिळतंय तर घेत असेल. किंवा त्यालाही माहीत नसेल. सुभाषनं पंप गोणपाटातून काढून टेबलावर ठेवला, "उद्या येतो" म्हणाला आणि निघून गेला. तो उद्या येणार होता का? मॅनिफोल्ड तिथंच ठेवून भागुजी रिकाम्या हातानं एसटीत बसला. ह्या वेळी मुद्दाम मागच्या सीटवर. मांडी घालून.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. रुपेश अंगणात टाकीचा व्हॉल्व्ह पुसत होता, बनाबाई ओट्यावर पाळण्याची दोरी धरून बसली होती. "मॅनिफोल्ड कुठंय?" रुपेशनं विचारलं. भागुजीनं उभ्या उभ्या सांगितलं. धर्माजीचा दोष नाही, मी रेस देऊन बंद केली. रुपेशचा हात व्हॉल्व्हवर थांबला. त्यानंही तोच प्रश्न विचारला. "तुम्हाला आठवतंय का, नाना?"

नाही म्हटलं असतं तर ते खरं होतं. आणि नाही म्हटलं असतं तर रुपेश म्हणाला असता, मग कशाला बोलता, आणि धर्माजीचं नाव अड्ड्यावर होतं तिथंच राहिलं असतं. भागुजी म्हणाला, "हो. आठवतंय." बोलला आणि त्याच क्षणी त्याला दिसलं. विहीर, बाया, आंब्यावरची माकडं, आणि खाली पाय. ह्याच चपलेतला, ह्याच नखांचा. टाच टेकलेली, चवडा खाली. इंजिन हुंकारलं. एवढं स्वच्छ त्याला आयुष्यात काही आठवलं नव्हतं. हे आत्ता तयार झालं की आधीपासून होतं? त्यानं ते चित्र मागं ढकलून बघितलं. ते गेलं नाही. पुढं कधीच गेलं नाही.

रुपेशनं हातातलं फडकं पिळून खाली टाकलं. बनाबाईनं पाळण्याला झोका दिला आणि म्हणाली, "तोंड धुवा. चहा टाकते." रुपेशनं विचारलं, "चावी कुठंय?" भागुजीनं खिशातून काढून त्याच्या ओल्या हातावर ठेवली. मग रुपेश गाडीच्या पलीकडं गेला आणि त्यानं धर्माजीला फोन लावला. ह्या वेळी स्पीकर नव्हता. "काका," एवढंच भागुजीला ऐकू आलं, आणि मग बराच वेळ रुपेशचं नुसतं हं, हं. दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. सुभाष त्याच आठवड्यात ओतूरला जाऊन आला.

रुपेशनं टर्बो परत बसवायचं ठरवलं आणि जूनच्या सुरुवातीला धर्माजीनं त्यात नवी दांडी घातली. भागुजी शेजारी स्टुलावर बसून बघत होता, हाताशी पाने देत होता. तेलाची नळी जोडायची वेळ आली तेव्हा धर्माजीनं खणातून एक नवीन काढली. ती आधीच्या नळीपेक्षा जाड होती. नख घालून बघायची गरज नव्हती, नुसतं दिसत होतं.

"ही जाड का?" भागुजीनं विचारलं.

"घरात हीच व्हती," धर्माजी म्हणाला. "तेरा नंबरचा पाना दे."

भागुजीनं पाना दिला. गाडी चालू झाली, शीळ वर गेली आणि वरच राहिली. रुपेश शिटावर होता. त्यानं गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं थांबून घड्याळात बघितलं. पहिली नळी खरंच बारीक होती का, हे भागुजीच्या ओठावर आलं होतं. मग वाटलं, पुढच्या खेपेला विचारू. पाऊस लागला, टँकर बंद झाले, ओतूरला जायला काही कारण उरलं नाही.

धर्माजी त्याच साली वसुबारसेच्या सकाळी, एकवीस ऑक्टोबरला, शुक्रवारी, ओतूरला आपल्या घरी वारला. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.